सेजलच्या नावाची आंघोळ

करंजमाचीच्या पाणवठ्यावर आवडीबाई सगळ्यांच्या मागून पाणी भरायची. बायांचे हंडे भरून झाले, त्या पायवाटेला लागल्या, की मग ती झाडाआडून पुढं व्हायची. तिला कुणी शिवी देत नव्हतं, हाकलतही नव्हतं. ती दिसली की बायांचं बोलणं थांबायचं, एवढंच. त्या गप्प उभ्या राहण्यापेक्षा मागं थांबलेलं बरं, हे ती पहिल्याच वर्षी शिकली होती.

कुडपणच्या पठाराखाली डोंगराच्या पोटात ही लहानशी वाडी. निम्मी माणसं मुंबईला, उरलेली भात-नाचणीवर. आवडीबाईचा नवरा गोमाजी उतेकर सरळ माणूस होता, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्यांची लेक सेजल पोलादपूरला कॉलेजात शिकली आणि तिनं बिरवाडीच्या अश्वजितशी लग्न केलं. अश्वजित महाडच्या एमआयडीसीत एका कंपनीत ऑपरेटर होता. पोरगा कष्टाळू, बिडी-तंबाखू नाही, आई-बापाला धरून राहणारा. पण बौद्ध.

वाघजाईच्या देवळात गावकीची बैठक बसली. गावकीचा म्होरक्या पांडूतात्या म्हणाला, "गोमाजी, पोरीचं नाव टाक. तिच्या नावानं आंघोळ कर, पाणी सोड नि मोकळा हो. वाडी तुला काय बोलनार नाय."

गोमाजी म्हणाला, "जित्या पोरीच्या नावानं आंघोळ करू? ती खातेपिते हाय, फोनवर हसते हाय माझ्याशी. मला नाय जमायचं."

त्या दिवशी उतेकरांचं घर वाळीत पडलं. लग्न-बारशाची बोलावणी बंद झाली. लावणीला हात लावायला कुणी येईना. वाडीतल्या चक्कीवर त्यांचं दळण घेईनात, ते पोलादपूरला न्यावं लागे. शिमग्याला देवीची पालखी घरोघर नाचायची. पहिल्या वर्षी आवडीबाई ओवाळणीचं ताट घेऊन दारात उभी राहिली. पालखी शेजारच्या घरातून निघाली आणि त्यांच्या अंगणावरून पुढं गेली. ढोलसुद्धा त्यांच्या दारापुरता थांबवला होता.

अश्वजितनं सासऱ्याला सांगून पाहिलं, "मामा, आता कायदा आहे. तक्रार करू, मी येतो बरोबर."

"केस करून मानसं बोलायला लागत नायत रे," गोमाजी म्हणाला.

तो दर रविवारी काठी टेकत रस्त्याला यायचा, मिळेल त्या गाडीनं बिरवाडी गाठायचा. नातीला, साक्षीला, खांद्यावर घेऊन बाजारात फिरवायचा आणि संध्याकाळी तोंडभर हसू घेऊन परत यायचा. त्याला लेक होती. आवडीबाईला वाडी होती, ती गेली. सुनं घर, दोन शेळ्या आणि मुंबईला कुरियर कंपनीत कामाला असलेल्या मुलाचा, मुरारीचा, आठवड्याचा फोन. कधी कधी ती शेळ्यांशी मोठ्यानं बोलायची. गोमाजी ते ऐकायचा.

मग गोमाजीच्या छातीत पाणी झालं. महाडच्या दवाखान्यात वरचेवर न्यावं लागे, आणि डोंगरावरून रोज कोण नेणार? सेजलनं दोघांना बिरवाडीच्या आपल्या दोन खोल्यांत आणलं. तीन महिने आवडीबाई तिथं राहिली. अश्वजितची आई जानकीबाई भाकऱ्या भाजायची, वडील श्रीपतराव गोमाजीला धरून संडासाला न्यायचे. संध्याकाळी जानकीबाई आणि आवडीबाई पायरीवर बसून शेंगा सोलत बोलत राहायच्या. साक्षी रात्री आजीच्या कुशीत झोपायची. नवरा आजारी असूनही आवडीबाईच्या अंगावर त्या दिवसांत थोडं मांस चढलं.

मार्गशीर्षात गोमाजी गेला. वाडीला फोन केला. कुणी आलं नाही. अश्वजितनं, श्रीपतरावांनी आणि शेजाऱ्यांनी खांदा दिला, नदीकाठी लाकडं रचली. मुरारी मुंबईहून पोचला तेव्हा फक्त अग्नी द्यायचा राहिला होता.

"आये, आता वर जाऊ नको," सेजल म्हणाली. "इथं राहा. वर कोण हाय तुझं?"

"माझं घर वर हाय," आवडीबाई म्हणाली, आणि तेराव्या दिवसानंतर एकटीच निघून गेली.

वर्ष पुरं होत आलं. करंजमाचीत रीत अशी की माणूस गेल्याला वर्ष झालं की वाघजाईच्या सहाणेवर, देवळासमोरच्या दगडी ओट्यावर, त्याचं पान लावायचं. केळीच्या पानावर भात, नारळ, विडा. गुरव देवीला गाऱ्हाणं घालतो, की हा तुझ्या वाडीचा माणूस, याला आता मागल्या जाणत्यांत, वाडवडलांत घे. मग सगळी वाडी त्याच्या नावानं जेवते. ज्याचं पान लागलं नाही तो माणूस शिवेबाहेर उभा राहतो, असं म्हणतात.

आवडीबाई पांडूतात्याच्या अंगणात जाऊन उभी राहिली. त्यानं बस म्हटलं नाही, पण हाकललंही नाही.

"देवीला इचारू," तो म्हणाला.

अरविंद गुरवानं कौल लावला. देवीच्या दोन्ही अंगांना झेंडूची फुलं चिकटवली आणि सगळे बघत बसले. उजवं फूल पडलं तर होकार. बराच वेळ काहीच हललं नाही, मग डावं फूल घसरून खाली आलं.

"देवी का अडून बसली ते तुला ठाव हाय," पांडूतात्या आवडीबाईकडे न बघता म्हणाला. "गोमाजीनं केलं नाय ते पोरानं करावं. आधी पोरीच्या नावाची आंघोळ, मंग बापाचं पान. त्याच दिवशी तुमचं घर वाडीत घेऊ."

रजा काढून आलेल्या मुरारीला तिनं हे सांगितलं, तेव्हा तो उंबऱ्यावर बसून बूट काढत होता. त्याचा हात तिथंच थांबला.

"आये, बाबा यालाच नाय म्हनला होता ना? त्याच्यासाठीच त्यानं एवढं सोसलं. नि आता त्याच्याच पानासाठी आपन हे करायचं?"

"त्यानं सोसलं? तो रविवार रविवार लेकीकडं जात होता. मी सोसलं."

"ताईला कळंल तेव्हा?"

"तिला काय कमी हाय रे? नवरा हाय, लेक हाय, सासू जिवाभावाची हाय. आख्खी आळी तिच्याशी बोलते. आपन नसलो तर तिचं काय अडतंय?" आवडीबाईनं चुलीत लाकूड सरकवलं. "नि तुझं काय? दोनदा पोरगी बघितली, दोनदा त्यांनी वाडीत चौकशी केली. पुढं काय झालं?"

मुरारीनं बूट ओढून काढला. त्याचं वय तिशी ओलांडून गेलं होतं.

"म्हंजे ही फक्त फॉर्मॅलिटी ना?" तो शेवटी म्हणाला. "एक दिवस करायचं. नंतर मी ताईला भेटनार, गुपचूप."

त्या शब्दाचा अर्थ आवडीबाईला माहीत नव्हता, पण मुलाला तो धरायला बरा पडतोय हे तिनं ओळखलं.

"हां," ती म्हणाली. "तेवढंच. तिला फोन करू नको मातर."

पानाच्या दिवशी सकाळी थंडी मरणाची होती. पाणवठ्यावर वाडीतल्या बाया जमल्या होत्या. आवडीबाईला दगडावर बसवलं. पांडूतात्याची बायको तानीबाई हिनं तांब्या भरला.

"नाव घे," ती म्हणाली.

"सेजल," आवडीबाई म्हणाली.

डोक्यावर गार पाणी पडलं. एकेक बाई पुढं येऊन तांब्या ओतत गेली. मग तानीबाईनं ओल्या लुगड्यावरून तिच्या पाठीवर हात ठेवला आणि दोनदा फिरवला. आवडीबाईला हुंदका फुटला. तो आवरेना.

"रड गो, रड," तानीबाई म्हणाली. "लेक गेल्यावर रडायचंच असतं."

आवडीबाई लेकीसाठी रडत नव्हती. तिच्या पाठीवर वाडीतल्या कुणाचा हात पडायला इतकी वर्षं लागली होती, त्याचं ते रडू होतं. तिनं ते कुणाला सांगितलं नाही.

दुपारी सहाणेवर दोन पानं मांडली. एक गोमाजीचं, सुलटं, वाढलेलं. त्याच्या बाजूला एक उलटं, मोकळं.

"आधी हिचं, मंग त्याचं," अरविंद गुरव म्हणाला. "दार मोकळं झाल्याबिगर तो आत कसा येनार?"

मुरारी उघड्या अंगानं तांब्या घेऊन बसला. वाडी सगळी जमली होती. गुरवानं गाऱ्हाण्याला सुरुवात केली.

सेजलला कुणी बोलावलं नव्हतं, पण बापाची तिथी तिला ठाऊक होती. आदल्या दिवशी तिनं मुरारीला फोन लावला, त्यानं उचलला नाही. वर रेंज नसेल असं तिला वाटलं. अश्वजितनं मोटारसायकलवरून तिला आणि साक्षीला वाडीच्या वळणापर्यंत सोडलं. वर येतो म्हणाला. तीच नको म्हणाली, "बाबाचा दिवस आहे, उगीच वाद नको. तू इथं थांब." बापासाठी तिनं नवी पांढरी टोपी आणली होती, पानाजवळ ठेवायला.

ती देवळापाशी पोचली तेव्हा गुरव म्हणत होता, "सेजल गोमाजी उतेकर, ही या वाडीची लेक मयत झाली. तिचा भाऊ तिच्या नावाचं पानी सोडतोय. आई, तू तिला मोकळी कर..."

गुरवाची चूक झाली असं सेजलला वाटलं. ती सहज पुढं होऊन म्हणाली, "काका, नाव चुकलं. बाबाचं नाव घ्या."

कुणी वळून बघितलं नाही. मुरारीनं तांब्या जमिनीला टेकवला. पांडूतात्या म्हणाला, "मुरारी, हिकडं ध्यान दे. तिकडं कोन नाय."

मुरारीनं तांब्या पुन्हा उचलला आणि उलट्या पानावर पाण्याची धार सोडली.

सेजल दोन पानांकडे बघत राहिली. तिला कळायला वेळ लागला नाही. एवढं मात्र खरं, की अजूनही तिला वाटत होतं, आई काहीतरी बोलेल. आवडीबाई बायांच्या घोळक्यात पुढं बसली होती, ओले केस पाठीवर सोडलेले. ती गुरवाच्या तोंडाकडे बघत होती. साक्षीनं आईचं बोट सोडलं आणि धावत जाऊन आजीचा पदर धरला.

"आजी, मी आले."

आवडीबाईनं काट्याला अडकलेला पदर सोडवावा तसा तो सोडवून घेतला आणि मांडीखाली दाबला. पोर तिच्या तोंडाकडे बघत तशीच उभी राहिली. सेजलनं येऊन तिला उचललं.

बापाचं गाऱ्हाणं संपलं तशी सेजल सहाणेजवळ गेली आणि गोमाजीच्या पानाशेजारी टोपी ठेवून तिनं डोकं टेकवलं. तिला कुणी अडवलं नाही, कारण अडवायला ती तिथं नव्हतीच.

"पानावर काय पडलंय बघ रे," पांडूतात्या म्हणाला. "वाऱ्यानं आलं असंल."

मुरारी उठला. बहिणीचे हात अजून सहाणेवर होते, त्यांच्यामधून त्यानं टोपी उचलली आणि देवळामागच्या घळीत टाकली. परत येऊन बसताना त्यानं दोन्ही हात धोतराला पुसले.

"मुरारी," सेजल हळू म्हणाली, "बाबाला खांदा अश्वजितनं दिला. तू गाडीतून उतरलास तेव्हा लाकडं रचून झाली होती."

मुरारीनं बापाच्या पानावरचा विडा नीट केला.

जेवणाच्या पंगती बसल्या. सेजल निघून गेली असती. पण बापाच्या नावाचं जेवण होतं, आणि साक्षी सकाळपासून उपाशी होती. शिवाय तिला आता शेवटपर्यंत बघायचंच होतं. ती पंगतीच्या टोकाला लेकीला घेऊन बसली. पत्रावळ्यांचा गठ्ठा तिथंच होता, त्यातल्या दोन तिनं स्वतःच ओढून घेतल्या. तिच्या शेजारचा म्हातारा उठून पलीकडे जाऊन बसला.

"आवडे, धर, भात तू घे," म्हणून तानीबाईनं भाताची पाटी आवडीबाईच्या हातात दिली होती. आवडे. ह्या नावानं तिला हाक मारणारा एक नवराच उरला होता, तोही गेला होता. पदर खोचून ती वाढत निघाली. "थोडा घ्या, अजून घ्या," म्हणत ती वाकत होती, माणसं हात आडवा करत होती, कुणी "बास गो" म्हणत होतं. पाटी घेऊन ती टोकाला आली.

सेजलनं आपली पत्रावळ बाजूला सारली आणि लेकीची पुढं केली.

"आये, मला नको. पोरीला तरी वाढ."

आवडीबाई थांबली. साक्षीनं दोन्ही हातांनी पत्रावळ घट्ट धरली होती, वारा होता म्हणून. मागं तानीबाई आमटीची बादली घेऊन उभी होती. तीही थांबली. पुढची पंगत "भात, भात" करू लागली.

आवडीबाई दोन पत्रावळ्या ओलांडून पुढं गेली.

"बरं केलंस," मागून तानीबाई म्हणाली.

"आजीला आपण दिसलो नाय का?" साक्षीनं विचारलं.

"दिसलो," सेजल म्हणाली. तिनं लेकीच्या हातातून पत्रावळ काढून घेतली, तिला कडेवर उचललं आणि पंगतीच्या मधून, सगळ्यांच्या समोरून चालत गेली. आईजवळून जाताना ती क्षणभर थांबली.

"जानकीबाईंनी तुझ्यासाठी शेंगांचे लाडू दिले होते," ती म्हणाली. "ते मी खाली नेते."

वळणावर अश्वजितनं तिचं तोंड बघितलं आणि काही न विचारता गाडी चालू केली. साक्षीनं लाडू वाटेतच खाल्ले.

वाढून झाल्यावर बाया जेवायला बसल्या. आवडीबाई तानीबाईच्या शेजारी बसली. जेवण तिला गोड लागलं. तिनं दोनदा भात मागून घेतला.

अश्वजितनं चार दिवसांनी पोलादपूरला तक्रार दिली. सेजल नको म्हणत होती, पण साक्षीची ती रिकामी पत्रावळ त्याला झोपू देत नव्हती. दोन पोलीस डोंगर चढून आले. देवळासमोर खुर्च्या टाकल्या गेल्या, वाडी भोवती उभी राहिली. हवालदारानं आवडीबाईला बाजूला घेऊन नीट विचारलं, "मावशी, तुम्हाला कोणी धमकी दिली का? घाबरू नका. एक शब्द बोला, पुढचं आम्ही बघतो."

"कोनी नाय," आवडीबाई म्हणाली. "आमच्या घरचं होतं ते. मी माझ्या मर्जीनं केलं."

ते खरंच होतं, त्यामुळे तिची जीभ अडखळली नाही. पोलिसांनी तिचा जबाब लिहून घेतला आणि ते उतरून गेले. त्या संध्याकाळी पांडूतात्या स्वतः तिच्या ओट्यावर येऊन बसला आणि चहा पिऊन गेला.

शिमग्याला पालखी तिच्या अंगणात बराच वेळ नाचली. वैशाखात मुरारीचं लग्न झालं. मुलगी शर्मिला, पोलादपूरच्या खालच्या अंगाची, मनानं मऊ. मुरारी मुंबईला परतला, शर्मिला वाडीत सासूजवळ राहिली. ताईला गुपचूप भेटायचं मुरारीनं मनात ठेवलं होतं. एकदा बिरवाडीला गेलाही. सेजलनं दार उघडलं, त्याला खुर्ची दिली, चहा दिला. तो पिऊन झाल्यावर तिनं विचारलं, "तू आधी माझ्या नावाचं पाणी सोडलंस का बाबाच्या?"

"तुझ्या," तो म्हणाला. "त्याबिगर बाबाला घेनार नव्हते."

"मग आता तुझ्या मनासारखं झालं," ती म्हणाली आणि कपबशी उचलून आत गेली. ती बाहेर आली नाही. बराच वेळ वाट बघून तो उठला. पुन्हा गेला नाही.

श्रावणात एका दुपारी शर्मिला आणि आवडीबाई ओटीवर नाचणी पाखडत बसल्या होत्या. शर्मिला भीत भीत म्हणाली, "आई, बाया म्हनत होत्या, मला एक नणंद होती."

"होती," आवडीबाई म्हणाली.

"कशानं गेल्या?"

आवडीबाईचं सूप थांबलं. हे आजवर तिला कुणी विचारलं नव्हतं. वाडीत विचारायची गरज नव्हती.

"तापानं," ती म्हणाली. "दोन दिसांत गेली."

"लगीन झालं होतं?"

"झालं होतं."

"मूलबाळ?"

"नाय."

शर्मिलाच्या डोळ्यांत पाणी आलं. थोड्या वेळानं ती म्हणाली, "सवाष्ण गेल्या ना त्या. मंग पितृपंधरवड्यात नवमीला त्यांच्या नावानं सवाष्ण जेवाय घालायला पायजे. माझ्या माहेरी घालतात. मी करीन सगळं, तुमी कशाला हात लावू नका."

आवडीबाईनं तिला अडवलं नाही.

नवमीला शर्मिलानं पहाटे उठून पुरण घातलं, घर सारवलं, पाटाभोवती रांगोळी काढली. सवाष्ण म्हणून तानीबाईला बोलावलं. तिचे पाय धुतले, हळदकुंकू लावलं, ओटी भरली, हिरवी चोळी दिली. "कुनाच्या नावानं जेवू?" तानीबाईनं रीतीप्रमाणे विचारलं. शर्मिलानं सासूकडे बघितलं.

"सेजलच्या," आवडीबाई म्हणाली, आणि तानीबाईच्या पानावर तूप वाढलं.

तानीबाई पोटभर जेवली. पोळ्या फार मऊ झाल्यात, म्हणाली. सून चांगली मिळाली हो तुला, असंही म्हणाली. जाताना तिनं शर्मिलाच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला, की मयत नणंदेचं इतकं करतेस, तुझ्या पोटी लेकरं सुखी राहतील.